नळाला पाणी, काकांना गोळी

लिव्हरच्या ओपीडीत दहा वर्षं काढली की किस्से शोधावे लागत नाहीत, तेच केसपेपर घेऊन रांगेत उभे राहतात! आमचा दवाखाना अलिबागचा, पेशंट बरेचसे हिपॅटायटिस बीचे. कोणाला कुठली गोळी आणि किती, हे डॉक्टर मॅडम ठरवतात. ती गळी उतरवायचं काम माझं, म्हणजे सिस्टरचं.

*

एका रिक्षावाल्या दादाला गोळी रिकाम्या पोटी सांगितली होती. आधी दोन तास काही खायचं नाही, नंतरही दोन तास नाही. महिन्याने विचारलं तर म्हणे, रोज सकाळी चहा-पावाबरोबर घेतो. मी चिडलेच. तर शांतपणे म्हणतो, "सिस्टर, पाव म्हणजे काय खाणं झालं? भात कुठे खाल्लाय?"

मॅडमनी गोळीच झोपतानाची केली.

*

काशीदची एक होमस्टेवाली ताई. रिपोर्टात व्हायरस दिसेना, म्हणून बाईंनी परस्पर गोळी बंद केली. नाहीच आहे तर गोळी घालायची कोणाला, असं मलाच विचारते! मॅडम म्हणाल्या, "भरतीला खडक दिसत नाही, म्हणून तुझे बाबा होडी त्याच्यावरून नेतात का गं?"

कोळ्याची पोर ती. त्याच दिवशी गोळी परत सुरू केली.

*

हसुरामकाका रेवसकडचे. बायको गेली, मुलगा पनवेलला, घरात एकटेच. किडनी नाजूक, म्हणून मॅडमनी त्यांना गोळी एक दिवसाआड लिहिली. काका म्हणाले, "मग मधल्या दिवशी रोगाला सुट्टी?" मॅडम म्हणाल्या, "रोगाला नाही काका, किडनीला."

पण लक्षात कसं राहायचं? शेजाऱ्यांना सांगायला काका अजिबात तयार नव्हते. नुसतं रोगाचं कळलं तरी लोक माझ्या घरचा चहा प्यायचे नाहीत, म्हणायचे. फार वाईट वाटायचं मला. मग त्यांनीच युक्ती काढली. गावात नळाला पाणी एक दिवसाआड येतं. पाणी आलं की गोळी घ्यायची! मी तर टाळीच दिली.

उन्हाळ्यात नळ बंद पडला, टँकर सुरू झाला. दोन महिने नळाला पाणी नाही आणि काकांच्या पोटात गोळी नाही! आले तेव्हा डोळे पिवळेधमक, व्हायरस वर चढलेला. मॅडम कधी ओरडत नाहीत, त्या दिवशी ओरडल्या. "पुन्हा गोळी सुटली तर लिव्हर बसेल, काका. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

टाळी मीच दिली होती, मला दुपारी डबा गेला नाही.

*

परवा काका तपासणीला आले. रिपोर्ट एकदम छान, चेहराही हसरा. मी केसपेपर भरत होते तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कमी ऐकू येतं म्हणून ते स्पीकरवरच घेतात. गावात नळाचं पाणी सोडणारा परशा बोलत होता.

"काका, मोटर जळलीय, आज पानी न्हाय. पन गोळी हाय, इसरू नका."