बाहेरची चप्पल

लंकाबाईंना वसतिगृहातल्या सगळ्या मुली मावशी म्हणतात. सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या एका आश्रमशाळेत त्या चौदा वर्षं कामाठी आहेत. झाडणं, वाढणं, वेण्या घालणं हे रोजचंच. पण सकाळी कुणाचं अंथरूण ओलं निघालं की मावशींचा हात सगळ्यांच्या आधी तिथे पोचतो. त्या स्वतः दुसरीत असताना ह्याच कारणावरून त्यांना शाळेतून घरी धाडलं होतं, ते कायमचंच. त्याची हळहळ अजून गेलेली नाही.

पोरींची थट्टा होऊ नये म्हणून त्यांनी रीतच पाडलीय: ओलं असो की कोरडं, रोज सगळ्यांचीच अंथरुणं उन्हात. कुणी विचारलंच तर म्हणतात, "ढेकूण होत्यात." बिचाऱ्या ढेकणांनी चौदा वर्षं फुकटचा आळ सोसलाय.

यंदा पहिलीत राखी आली. आईबाप निफाडला द्राक्षबागेच्या कामावर, पाड्यावरच्या घराला कुलूप. आणि राखीचं अंथरूण रोज ओलं. मावशींनी घरगुती उपाय म्हणून तिळाचे लाडू चारले. संध्याकाळनंतर पाणी बंद केलं, तर पोर तहानेनं रडकुंडीला आली आणि अंथरूण ओलं ते ओलंच. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी मावशींनाच झापलं, "एवढ्याशा पोरीला तहानलेली ठेवता? दिवसभर पाणी पाजा, झोपण्याआधी लघवीला न्या, अन् रागावू नका." मावशींनी कान पकडले. आता त्या रोज झोपण्याआधी तिला संडासापर्यंत नेत. राखी आत जाई, लगेच बाहेर येई, "झालं" म्हणे. सकाळी पुन्हा तेच.

अधीक्षिका ज्योत्स्ना मॅडम बाई वाईट नाहीत, पण त्यांनाही कंटाळा आला. म्हणाल्या, "सोमवारपर्यंत बघू. नाहीतर तिच्या बापाला, गोटीरामला फोन करते, नेईल लेकीला." म्हणजे राखी बागेत आणि शाळा संपली.

शनिवारी दुपारी वेणी घालता घालता त्यांनी विचारलं, "राखे, खरं सांग. रातच्याला आत जातीस, तर तुला होत नाय का?"

राखीनं रिबीन बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "घरात कोण मुततं? आई मारंल ना."

मावशींना एकदम उमगलं. संडास इमारतीच्या आत, फरशीचा, चकचकीत. राखीच्या लेखी ते घरच! पाड्यावर सगळे अंगणाबाहेर जातात. दिवसा तीही शाळेमागच्या बांधाकडे पळायची. संध्याकाळी बाहेरच्या दाराला कडी लागली की पोर आईचा शब्द पाळत दाबून धरायची, आणि झोपेत तो शब्द सुटायचा. चौदा वर्षं ती फरशी आपणच घासली आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही, म्हणून मावशींना स्वतःचाच राग आला.

पण आईच्या शब्दावर मावशीचा शब्द चढणार कसा? थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "घरात चप्पल घालतीस का गं?"

"नाय. बाहेर जाताना."

झालं! मावशींनी जुन्या चपला गोळा केल्या, धुतल्या आणि संडासाच्या दाराशी ओळीनं मांडल्या. "हितं चप्पल घातली की आपण बाहेर." राखीनं पायांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि तिला ते पटलं.

रविवारी अंथरूण कोरडं निघालं. सोमवारी मात्र थोडं ओलं होतं. मॅडमनी फोन हातात घेतला तेव्हा कधी उलट न बोललेल्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, मला असंच घरी धाडलं होतं. हिला नका धाडू." मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि फोन खाली ठेवला.

होळीच्या सुट्टीला आईबाप न्यायला आले तोवर राखीला पुस्तक वाचता येत होतं. ओल्या अंथरुणाची कुणाला आठवणही नव्हती.

नव्या वर्षी पहिलीची एक मुलगी संडासाच्या दारात चुळबुळत उभी होती. मावशी पुढे होणार, तेवढ्यात राखीनं तिचा हात धरला आणि चपला तिच्या पायाशी सरकवल्या. "घाल," ती म्हणाली, "आता आपण बाहेर हाय."