त्रिफुनशेजारची जागा

विदोसावा मावशीचं थडगं ती जिवंत असतानाच तयार होतं. आम्हां सर्बांत त्याचं नवल नाही. नवरा गेला की एकाच दगडावर दोघांची नावं कोरून घ्यायची, बायकोच्या मरणाचं साल तेवढं कोरं ठेवायचं. त्रिफुनकाका गेले तेव्हा तिनंही तेच केलं. पुढं लढाई झाली, आम्ही जीव मुठीत घेऊन इबार नदीच्या या तीरावर आलो आणि दगड राहिला पलीकडं, अल्बेनियन लोकांच्या मुलखात.

तिचा मुलगा नेबोयशा दरवर्षी म्हणायचा, "आई, बाबांना इकडं आणू या."

ती उसळायची. "आणि आपण परत गेलो की पुन्हा तिकडं न्यायचं? बाप आहे तो तुझा, कपाट नव्हे."

परत कसली जातेय! पण तिच्या तोंडावर कोण बोलणार?

पितरांच्या दिवशी पोलिसांच्या बंदोबस्तात बस पलीकडं जायची. गेल्या शरदात मी तिच्यासोबत गेले. तिनं दगडापाशी शिजवलेले गोड गहू ठेवले, थोडी दारू ओतली आणि थबकली. तिच्या नावाखालच्या कोऱ्या जागेत कुणीतरी खिळ्यानं साल ओरखडलं होतं. लढाईचं साल.

"बघ बाई," ती म्हणाली, "मला कधीच पोचवलंय, आणि मलाच पत्ता नाही."

मला हसू आलं. ती हसली नाही. परतताना बसमध्ये म्हणाली, "नेबोयशाला सांग, मला काही तिकडं कुणी नेणार नाही, आण म्हणावं बाबांना. मेल्यावर तरी एकटी नको."

पलीकडचा जुना शेजारी शेफ्केत फोनवर म्हणाला, "या. कुदळ मी देतो, खणायलाही येतो." अडवलं ते आमच्याच माणसांनी. आमचा पुढारी द्रागिशा घरी येऊन बसला, कॉफी ढोसली आणि म्हणाला, "मावशी, थडगी आहेत तोवर जमीन आपली. ती हलली की आपला हक्क संपला."

"हक्क तुमचा असेल. हाडं माझी आहेत."

"बरं. नेबोयशा अजून त्या शाळेतच आहे ना नोकरीला?"

बस, एवढंच विचारलं त्यानं. नेबोयशाचा चेहरा उतरला. ठरल्या दिवशी गाडीवाला फिरकला नाही, पाद्रीबाबा नेमके आजारी पडले आणि नेबोयशा म्हणाला, "आई, उन्हाळ्यात बघू."

त्या दिवसापासून ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागली. मी सूप न्यायचे, ते तसंच गार व्हायचं. उन्हाळा तिनं पाहिलाच नाही.

तिला इकडंच पुरलं, टेकडीवरच्या नव्या दफनभूमीत, दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं. द्रागिशा काळा कोट घालून आला आणि बोलायला उभा राहिला. "या माउलीनं शेवटच्या श्वासापर्यंत नवऱ्याचं थडगं हलू दिलं नाही," म्हणाला. मेल्याची जीभ कशी झडली नाही!

मी नेबोयशाकडं पाहिलं. तो पुढं झाला, त्यानं द्रागिशाचा हात हातात घेतला आणि त्याचे आभार मानले.