वंशावळीत नसलेली यमुनाआत्या

काल सकाळपासून आमच्या कुळाच्या ज्या ग्रुपवर आत्याचा हार घातलेला फोटो फिरतोय, त्याच कुळाच्या वंशावळीत तिचं नाव नाही.

"कुळाचा चालता-बोलता इतिहास हरपला" असं खाली लिहिलंय. कुणी लिहिलंय तेही मला माहीत आहे. ज्यांनी मीटिंगमध्ये त्या इतिहासाला "ताई, तू थांब जरा" म्हणून गप्प केलं, त्यांनीच.

माझं रडून झालंय. आता राग उरलाय. कुळातले निम्मे लोक माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, वाचतीलच.

यमुनाआत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. धवलारीण होती. आमच्याकडे गाणी म्हणत लग्नाचे विधी लावते ती बाई.

शाळेची पायरी चढली नव्हती. पण हळदीच्या आधी घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाचं आवतण द्यायला बसली, की सात पिढ्यांची नावं एका दमात घ्यायची.

आधी बायांची, मग पुरुषांची.

"बाया आल्या का बाप्ये येतान मागून," म्हणायची आणि पान तोंडात टाकायची.

पुढे लग्नं हॉलमध्ये गेली, DJ आले, आत्याला कुणी बोलवेना. शेतं गेली, मिठागरं गेली. कुळ खांदा कॉलनी आणि करंजाडेच्या बिल्डिंगांत पांगलं. सख्खे चुलत भाऊ एका लिफ्टमध्ये भेटून एकमेकांना ओळखेनात. म्हणून वंशावळ करायचं ठरलं. बाबांचे चुलत भाऊ नानाकाका अध्यक्ष झाले. Excel माझ्याकडे आलं, कारण मला येतं.

सातबारे, फेरफार, शाळेचे दाखले, सगळं गोळा केलं. तीन वर्षं प्रत्येक रविवार त्यात गेला.

शीट पूर्ण झाली त्या दिवशी मी हौसेने करंजाडेला आत्याकडे गेले. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्याने वाचून दाखवली. डोळे मिटून ऐकत होती.

"आता तुज्या बापसाचं वाच."

वाचलं. बाबा, खाली माझे दोन भाऊ.

"आनि तू कुठं हायस गो?"

मी म्हटलं, "आत्या, यात मुलींचा कॉलम नाहीये."

"कालम कोनी बनवला?"

मी. मीच बनवला होता.

इंजिनिअर झालेल्या बाईने, स्वतःच्या हाताने, स्वतःला वगळून. कुणी सांगितलंही नव्हतं. सगळ्या वंशावळी अशाच असतात म्हणून मीही तशीच केली.

मला भयंकर लाज वाटली. ती मात्र म्हणाली, "मंग बसलीस काय? घाल." आणि चहा टाकायला उठली.

त्यानंतर ती सांगत गेली, मी फोनवर रेकॉर्ड करत गेले. आज्या, पणज्या, त्यांच्या नणंदा, बाळंतपणात गेलेल्या, माहेरी परत आलेल्या. कुठल्याही फेरफारावर नसलेल्या बाया.

नानाकाका म्हणाले, "गाण्यातली नावं म्हणजे पुरावा नाही."

बरं. मग त्यांच्याच सांगण्यावरून सहा महिन्यांनी आत्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. दोन्ही रेकॉर्डिंग मीटिंगमध्ये लावली. एक नाव इकडचं तिकडे नाही.

तेव्हा काका म्हणाले, "नावं खरी असतील. पण तशी रीत नाही. लेकी दिल्या घरी गेल्या, त्यांची नावं तिकडच्या कुळात."

म्हणजे पुराव्याचा प्रश्न कधी नव्हताच.

आत्या मागच्या खुर्चीवर होती. बसल्या जागेवरूनच बोलली, "तिकडं मी निस्ती सून हाय, नाना. आय नाय, बापूस नाय. जशी काय भरतीच्या पान्यानं आनून टाकली. तिकडं बोलतान मी हिकडची, हिकडं बोलतान मी तिकडची. मंग मी हाय तरी कोनाची?"

"ताई, तू थांब जरा," म्हणत काकांनी विषय बॅनरच्या साइझवर नेला.

मीही तो नेऊ दिला. हे लिहायलाच हवं. मला वाटलं होतं, घाई काय आहे, हळूहळू पटवू.

येत्या रविवारी मेळाव्यात वंशावळीचं प्रकाशन आहे. आणि काल आत्या गेली.

आज दुपारी काकांचा फोन आला. "आत्याचा मोठा फोटो स्टेजवर लावू. बाकी तू फायनल फाइल पाठव, प्रेसवाला थांबलाय."

फोटो चालतो, नाव चालत नाही. वा रे कुळ.

तर काका, इथेच सांगते, सगळ्यांसमोर. फाइल पाठवली आहे. लेकींसकट, सुनांसकट, सुनांच्या आईबापांसकट. जितकी आत्याने सांगितली तितकी सगळी नावं. माझंही आहे, दोन भावांच्या मध्ये, जन्माच्या क्रमाने.

नको असेल तर छापू नका. नवीन शीट बनवा, पहिल्यापासून. बनवताना कुठे अडलात तर विचारायला आत्या नाही, एवढं लक्षात ठेवा.

आणि न छापताच मेळावा झाला, तर मी माइक मागणार नाही. खुर्चीवर उभी राहून वाचेन. माझा आवाज आत्यासारखा नाही, पण तिच्यासारखाच लांबवर जातो.

आत्या, डिसेंबरात माझ्या भाचीची हळद आहे. मला गाता येत नाही. फोन स्पीकरला लावून तुझ्याच आवाजात आवतण देणार आहे. गेलेल्यांच्या त्या यादीत तू स्वतःचं नाव कधी घेतलं नव्हतंस, कारण तेव्हा तू जिवंत होतीस.

ते आता मी घेईन. सगळ्यात आधी.

यमुना. चांगुणा आणि बाळाराम यांची थोरली लेक.

ये गो आत्या. बाकीच्या बायांनाही घेऊन ये.