वेलिंकाचा पहारा

निश शहरात सात नंबरच्या बसची खिडकी भर थंडीत उघडणारी एकच बाई होती, आणि त्या मार्गावरचे सगळे तिला ओळखून होते. ती चढली की काचेजवळ बसलेली माणसं आपणहून काचेवर हात ठेवायची. "आली बघा हवा खाणारी," असं कुणीतरी पुटपुटायचं. वेलिंकाला ते ऐकू यायचं. तोंडावर कापडी मुसकं, हातात लोकरीचे मोजे, त्यावर आणखी रबरी मोजे, अशा थाटात ती कशालाही न धरता दोन पाय फाकवून उभी राहायची, आणि वळणावर बस कलली की तीही कलायची.

आमच्याकडे माणसं खोकल्याला भीत नाहीत, वाऱ्याच्या झोताला भितात. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडून मधून वारा गेला की मान धरते, कान फुटतो, बाईची कूस उजवत नाही, असं शिकलेसवरलेलेही छातीठोक सांगतात. कुणी थेट तोंडावर शिंकलं तर त्याला "आरोग्य लाभो" म्हणायचं, आणि कुणी काच बोटभर सरकवली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. अशा गावात वेलिंकाला रोज दोनदा बसमधून जावं लागत होतं, हे तिचं दुर्दैव म्हणायचं, दुसरं काय.

ती काही जन्मापासून अशी नव्हती. तिचा नवरा ल्युबिंको न्हावी होता. तीस वर्षं त्याने गावाची डोकी भादरली, गालाला गाल लावून तीन तीन मुके घेतले, गिऱ्हाइकाने दिलेल्या रकीयाचा, म्हणजे फळांच्या कडक दारूचा, घोट त्याच्याच पेल्यातून मारला. मग त्याची मूत्रपिंडं गेली. धाकट्या बहिणीने, पेर्सिदाने, आपलं एक काढून दिलं. ते अंगाने नाकारू नये म्हणून जी औषधं रोज घ्यायची, ती अंगातली सगळी झुंजायची ताकदच काढून घेत. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी वेलिंकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दुसऱ्याला जी सर्दी आहे, ते याचं मरण आहे. माणसांपासून लांब ठेवा." वेलिंकाने ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवावं तसं धरून ठेवलं.

त्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराचा उंबरा कुणी ओलांडला नव्हता. पेर्सिदासुद्धा जिन्यात उभी राहून भावाशी बोलायची. कुलदैवताच्या सणाला, जेव्हा आमच्याकडे दार नुसतं लोटून ठेवतात आणि येईल त्याला जेवू घालतात, तेव्हा वेलिंका दाराला आतून कडी घालून दोघांपुरती मेणबत्ती लावायची. कामावरून आली की दारातच कपडे उतरवून पिशवीत, केस फडक्यात, हात कोपरापर्यंत साबणाने. तिच्या बोटांना भेगा पडून त्यातून रक्त यायचं.

कामही नेमकं तसलंच. रस्त्याखालच्या बोगद्यातल्या एका दुकानात ती शिवणकामाची बारीकसारीक दुरुस्ती करायची. चेन बदलायची, कोटाचं अस्तर लावायचं. लोकांचे कोट यायचे ते खिशातल्या शेंबड्या रुमालांसकट. वेलिंका चिमट्याने एकेक खिसा रिकामा करायची आणि त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात शिव्या घालायची. पण नोकरी सोडून चालणार नव्हतं, तिच्या पगारावर घर होतं.

ल्युबिंको दिवसभर गॅलरीत. खालून जाणारा प्रत्येक माणूस त्याच्या ओळखीचा.

"अरे त्रिफुन, तुझी मान कुणी कापली रे? कोंबडी सोलल्यासारखी दिसतेय!"

"मग खाली ये आणि तू काप!" त्रिफुन, निवृत्त रेल्वे गार्ड, खालून ओरडायचा.

"बायको सोडत नाही!"

खालची माणसं हसायची. ल्युबिंकोही हसायचा. मग आत येऊन कात्री तेलाचा थेंब सोडून पुसायचा आणि परत ठेवायचा. एकदा तो जेवताना शांतपणे म्हणाला, "वेलिंका, तू मला लोणच्याच्या बरणीत घातलंयस." तिला ते फार लागलं. "तुझ्या बहिणीने पोट फाडून घेतलं ते तू मरावंस म्हणून नाही," ती म्हणाली, आणि ताटावरून उठली. त्यानंतर तो विषय त्याने काढला नाही.

फेब्रुवारीतला एक शनिवार. तापाची साथ गावभर. बस शिगोशीग भरलेली, काचा आतून घामेजलेल्या. वेलिंकाच्या मागे एक दांडगा माणूस खोकत होता. तोंडावर हात न धरता, खोलवर, आणि प्रत्येक खोकल्याचा ऊबदार फुत्कार तिच्या मानेवर येत होता. पुढे सरकायला जागा नाही, मागे तो. तिने हात लांब करून एका बाईच्या डोक्यावरून काच खसकन ओढली.

"अगं ए! झोत! बंद कर ती!" मांडीवर गुंडाळलेलं मूल घेतलेली एक पोरसवदा आई किंचाळली. "माझ्या लेकराचा कान फुटेल!"

"कानाचं काय घेऊन बसलीस, बाई," वेलिंका मुसक्याआडून म्हणाली, "हा मागचा खोकतोय तो दिसत नाही तुला?"

"मी खोकतोय कारण तुम्ही रोज झोत सोडता म्हणून!" दांडगा म्हणाला. अख्खी बस हसली.

"मावशी, एवढी भीती वाटते तर टॅक्सीने जा की."

"राणीसरकारांना विमान मागवा."

एका म्हाताऱ्याने कुणाला न विचारता काच लावली, वर आपली टोपी फटीत कोंबली. वेलिंकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या घरी माणूस आहे!" ती ओरडली. "त्याला काही झालं तर तुम्ही येणार का?" पण ते मुसक्यात अडकलं, आणि तिचं म्हणणं नीटसं कुणाला कळलंच नाही. चार थांबे आधी उतरून ती चालत घरी गेली. दारात कपडे उतरवले, मान साबणाने घासली, मग रकीया लावून परत घासली, कातडी लाल होईपर्यंत.

रविवार नेहमीसारखा गेला. दोघांनी मिळून कोबीच्या पानांत खिमा भरला. तो गुंडाळ्या करायचा आणि ती पातेल्यात रचायची. सोमवारी दुपारी दुकानात तिचे दात वाजायला लागले. हाडं ठणकत होती. तिने कपाळाला हात लावला, कपाळ तापलेलं होतं.

ती घरी गेलीच नाही. गावाबाहेर टेकडीवर त्यांचा एक द्राक्षमळा होता, वीस-पंचवीस वेल आणि एक खोलीची झोपडी. शेवटच्या बसने ती तिथे पोचली, चुलीत काटक्या पेटवल्या आणि घोंगडीत शिरून नवऱ्याला फोन लावला.

"मला ताप आहे. मळ्यात आहे. बरी झाल्याशिवाय येत नाही."

"एकटी? तिथे? वेडी आहेस का तू!" ल्युबिंको म्हणाला. "मी येतो."

"तू पाऊल बाहेर टाकलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही. दार कुणाला उघडू नकोस. गोळ्या वेळेवर घे. शप्पथ घे माझी."

त्याने शप्पथ घेतली. तीन दिवस ती तापाने फणफणली. बर्फ वितळवून प्यायली, कोरडा पाव चघळला, आणि तशाही अवस्थेत तिला एक समाधान होतं: आजार आपल्यापाशी आहे, त्याच्यापाशी नाही. रोज फोन व्हायचा. एकदा मागून पुरुषांच्या हसण्याचा आवाज आला. "टीव्ही आहे," ल्युबिंको म्हणाला. त्याचा आवाज घोगरा वाटला, पण तो म्हणाला की फार बोललो टीव्हीशी. ती हसली. किती दिवसांनी तो असा खुशीत बोलत होता.

पुढच्या रविवारी ती घरी आली. दार उघडलं तर स्वयंपाकघरात खुर्ची मधोमध, तिच्या पाठीवर पांढरी चादर. कोपऱ्यात झाडून ठेवलेला केसांचा ढीग. पांढरे केस, काळे, एका कुणाचे तांबूस. ओट्यावर शेजाऱ्यांची चार पातेली. ल्युबिंको पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, ओठ निळसर, आणि हसायचा प्रयत्न करत होता.

"सात जण आले," तो म्हणाला. प्रत्येक शब्दाला त्याला थांबावं लागत होतं. "खालच्या स्तामेनाने सूप आणलं, तिला वाटलं मी उपाशी मरेन. मग मीच गॅलरीतून हाक मारली एकेकाला."

वेलिंकाने लगेच गाडी बोलावली. दवाखान्यात त्याला काचेपलीकडे ठेवलं. अकरा दिवस ती काचेशी उभी राहिली. बाराव्या दिवशी सकाळी आतल्या परिचारिकेने पडदा ओढला.

दफनाच्या दिवशी कोशावा वारा सुटला होता. चार वर्षं ज्यांना तिने दाराबाहेर ठेवलं ते सगळे आले, शवपेटीवर वाकून त्याच्या कपाळाला ओठ टेकवून गेले. आता त्यांना कोण अडवणार! टोप्या काढून उभ्या असलेल्या पुरुषांत सात डोकी अशी होती की लांबून ओळखावीत: मानेवरची रेघ सरळ, कानांमागे स्वच्छ. वेलिंका त्या सातांकडे एकेक करून बघत होती. कोण? यातला कोण? तिला ते नाव हवं होतं. ते मिळालं की आपल्याला झोप लागेल असं तिला वाटत होतं.

माती झाल्यावर त्रिफुन तिच्यापाशी आला. टोपी दोन्ही हातांत पिळत होता.

"वहिनी, मला तुम्हाला सांगितल्याशिवाय जाववत नाही. मीच तो. मला खोकला होता."

वेलिंकाने मान वर केली.

"दारातच सांगितलं मी त्याला. म्हटलं ल्युबिंको, मी जातो, मला खोकला आहे. म्हणाला, बस गाढवा, आणि खोकताना मान हलवू नकोस, नाहीतर कान जाईल." त्रिफुनच्या गालावरून पाणी वाहत होतं. "मी बसायलाच नको होतं. पण त्याला किती आनंद झाला होता, वहिनी. पहिला मीच होतो ना. मंगळवारी सकाळी. हात नुसते तापलेले त्याचे, थरथरत होते, दोनदा खाली बसला. मला वाटलं, चार वर्षांनी कात्री धरली म्हणून."

"मंगळवारी सकाळी," वेलिंका म्हणाली.

"हो."

"तुमच्या आधी कुणी आत आलं होतं?"

"कुणी नाही. स्तामेना सोमवारी सूप कडीला लटकवून गेली होती, एवढंच."

मंगळवारी सकाळीच हात तापलेले होते. म्हणजे त्रिफुन दारात पोचायच्या आधीच दुखणं घरात शिरलेलं होतं. तिने रविवार आठवला, एकच पातेलं, समोरासमोर बसून दोघं. मुसकं काढून. तिचं तिने सगळं केलं होतं. हात धुतले, मान घासली, कपडे पिशवीत. एकही गोष्ट चुकली नव्हती. तिने पुन्हा पहिल्यापासून आठवून पाहिलं, तरी चुकलेली गोष्ट सापडेना.

त्रिफुन समोर रडत उभा होता. बोलली नाही तर हे ओझं तो आयुष्यभर वाहील आणि गावही त्यालाच बोल लावेल, हे तिला स्वच्छ दिसलं. तिला गप्प बसावंसं वाटलं. खूप वाटलं.

"तुम्ही नव्हे, त्रिफुनदादा," ती म्हणाली.

"वहिनी, मन मोठं करून तुम्ही असं—"

"मन मोठं नाही माझं. तुम्ही आलात तेव्हाच त्याला ताप होता. म्हणजे रविवारीच लागण झाली. रविवारी घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं."

त्रिफुनने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"पण तुम्ही तर त्याला किती जपत होता," तो म्हणाला.

"हो," वेलिंका म्हणाली. "जपत होते."