प्रसादाचा पेढा

चूक माझी होती, आणि ती मी भक्तीच्या नावाखाली केली. बदलीमुळे आम्ही जयपूरला आलो, तिथल्या सोडाला भागात राहतो. ईरा आमची उशिरा झालेली एकुलती मुलगी, पाच वर्षांची. अंघोळ घालताना बायकोच्या हाताला तिच्या पोटात गोळा लागला. सोनोग्राफीत डाव्या किडनीवर मोठी गाठ दिसली. ती कुठवर पसरली आहे हे कळण्यासाठी पोटाचा आणि छातीचा सीटी स्कॅन करायचा होता. मूल हलू नये म्हणून झोपेचं औषध देणार होते. त्यामुळे सकाळी काही खायला द्यायचं नाही, असं बजावलेलं होतं. मी मात्र निघण्याआधी गणपतीला नैवेद्य दाखवला आणि ईराला एक पेढा भरवला. प्रसाद म्हणजे काही खाणं नव्हे, उलट तोच तिला तारेल, असं मला मनापासून वाटलं. तरीही तिच्या कानात म्हणालो, "आईला सांगू नकोस हं." श्रद्धा निखळ असती, तर लपवावंसं का वाटलं असतं?

हॉस्पिटलात आमच्या शेजारी नातवाला घेऊन आलेली खेड्यातली एक म्हातारी बसली होती. सिस्टर औषध घेऊन आल्या. काही खाल्लं नाही ना, असं त्यांनी विचारलं, तेव्हा बायकोने ठामपणे नाही म्हणून सांगितलं. मी जमिनीकडे बघत राहिलो. तेवढ्यात म्हातारीने ईराची हनुवटी धरून थट्टेत विचारलं, "लाडो, काईं खायो आज?"

"पूजावाला पेड़ा!" ईरा हसली.

सिस्टरचा हात तिथेच थांबला. "मम्मीजी, मना किया था ना! बेहोशी में उल्टी फेफड़ों में चली जाती तो?"

बायकोचा चेहरा पांढरा पडला. "थाली मैंने ही नीचे रखी थी, इसने उठा लिया होगा," ती पुटपुटली. ईराने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या फाइलची पानं चाळू लागलो. स्कॅन चार दिवस पुढे ढकलला गेला. जाताना म्हातारी आकाशाकडे बोट करून म्हणाली, "म्हैं कठे पूछ्यो, बाई? वो ही पुछवायो."

मधल्या दिवसांत देव्हाऱ्यासमोर बसलो, पण मागायला तोंड उघडेना. इतकी वर्षं मी देवाला काय करायचं ते सांगत आलो होतो. माझ्या मुलीचा जीव वाचवताना त्याने माझ्या भक्तीची भीड ठेवली नाही, याबद्दल आज मी त्याचा ऋणी आहे.

स्कॅन नीट झाला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं: गाठीने किडनी एका कडेला चेपून टाकली होती. मोठ्या शिरेत ती शिरली नव्हती, पण फुप्फुसांत दोन बारीक ठिपके होते. म्हणजे कॅन्सरची चौथी स्टेज. आधी केमो, मग ऑपरेशन. "इलाज आहे, पण वाट लांब आहे," असं ते हिंदीत सांगत होते. मी हात जोडले. पहिल्यांदाच त्या जोडलेल्या हातांत कुठलीही अट नव्हती.

बायकोने मात्र एकच विचारलं, "त्या दिवशी स्कॅन झाला असता, तर हे ठिपके नसते का? माझ्यामुळे उशीर झाला." डॉक्टर म्हणाले, चार दिवसांच्या उशिराने काही फरक पडत नाही. तिला ते पटलं नाही. ती पदराने तोंड दाबून रडत राहिली.

मी तिथेच, डॉक्टरांसमोर, तिच्यापुढे खाली बसलो.

"पेढा मी भरवला होता. तिला लपवायलाही मीच सांगितलं. तुझी काही चूक नाही. मला माफ कर."