जादा दात आणि मोफत पेस्ट

सहावीतली पूनम तोंड उघडायला तयार नव्हती. गिरडजवळच्या एका शाळेत आमच्या संस्थेचा मोफत दंततपासणी कॅम्प होता. मी लहान मुलांची डेंटिस्ट. मुलांसोबत पालकांनाही बोलावलं होतं.

शेवटी तिनं तोंड उघडलं. वर समोर दोन मोठे दात हवेत. तिचा डावा होता, उजवा नव्हता. त्या जागी एक बारका, खिळ्यासारखा टोकदार दात. हा जादा दात. काही मुलांना येतो. कधी हाडात आणखी एखादा लपलेला असतो आणि खऱ्या दाताची वाट अडवतो. एक्स-रेशिवाय ते कळत नाही.

"दातावर दात हाये, नशिबाची पोरगी," आजी कौतुकानं म्हणाली.

"मंग वर्गातले पोट्टे मले हासते काऊन?" पूनमनं विचारलं.

वडील म्हणाले, "मॅडम, ती चौथीत होती तवा तुमचाच कॅम्प आलता. दुधाचा हाये, आपोआप पडन म्हणे. आमी वाट पाहून राह्यलो."

तेव्हा मी या नोकरीत नव्हते. पण पद्धत हीच होती. टॉर्च मारा, किडलेले दात मोजा, पेस्ट द्या, फोटो काढा. एक्स-रेचा खर्च नको, कारण तो फोटोत दिसत नाही.

मी कॅम्पप्रमुख सरांना बाजूला घेतलं.

"सर, मागच्या वेळी आपण चुकीचं सांगितलं. यांना ते सांगायला हवं."

"आणि संस्थेचं नाव घालवायचं? पेस्ट द्या, पुढचा पेशंट घ्या."

"मुलीची दोन वर्षं गेली, सर."

"दातच अडकलाय ना? जीव तर नाही."

मी परत येऊन वडिलांना सगळं सांगितलं, सरांच्या समोर. तोवर फोटोग्राफरनं पूनमच्या हातात पेस्ट दिली होती. "हस ना बेटा!" तिनं ओठ आणखी घट्ट मिटले.

वर्ध्याच्या दवाखान्यात मी तिचा एक्स-रे काढला. हाडात दुसरा जादा दात होता, उलटा. दोन्ही काढले. चौथीतच काढले असते, तर खरा दात बहुतेक आपला आपण खाली आला असता. आता त्याचं मूळ पूर्ण वाढलं होतं, आणि मग दाताचा खाली येण्याचा जोर ओसरतो. हिरडी उघडून, दाताला हुक चिकटवून, तारेनं तो कणाकणानं ओढत आणतो आहोत. दर खेपेला तिची शाळा बुडते.

पुढच्या कॅम्पला मला नेलं नाही. जाम गावच्या चौकात त्याचा बॅनर मात्र लागला: पूनमचा फोटो, खाली 'हसऱ्या बालपणासाठी'. वर्ध्याला येताना तिला तो बसमधून दिसला.

"मॅडम, मी तं हासलीच नोहोती," ती खुर्चीत बसत म्हणाली.

समोरचा एक दात येऊन सहा महिने झाले आणि शेजारचा आला नाही, तर एक्स-रे काढून घ्या. कॅम्पच्या पेस्टनं आलेले दात घासता येतात, अडकलेले आणता येत नाहीत.