घरचा शब्द, पुस्तकातला शब्द

मंगरूळपीरला भावी प्राथमिक शिक्षकांना मी मराठी शिकवते. मागच्या वर्षी आमच्या वर्गाचा केनियातल्या अशाच एका वर्गाशी व्हिडिओ कॉल ठरला. आमची मुलं आठवडाभर इंग्रजी वाक्यं पाठ करत होती. प्रत्यक्षात कॉल लागला आणि सगळी गप्प. समोरचेही नुसते हसत होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरची, किन्हीराजा गावची मुलगी उठून पुढे आली. इंग्रजी बेताचंच. पाठ केलेलं बाजूला ठेवून तिने मोडकंतोडकं विचारलं, "मुलं वर्गात घरची बोली बोलली, तर तुम्ही काय करता?"

पलीकडची एक तरुणी सावरून बसली. घरची बोली बोलल्याबद्दल लहानपणी शाळेत तिला कोपऱ्यात उभं करायचे. "म्हणून मी आधी मुलांच्या भाषेत बोलते, मग पुस्तकाच्या," ती म्हणाली. शब्द अडला की दोघी हातवारे करत. अर्धा तास त्याच दोघी बोलत राहिल्या आणि बाकीचे ऐकत राहिले.

पुढच्या महिन्यात किन्हीराजाच्या त्याच मुलीचा सराव पाठ शेलूबाजारजवळच्या एका शाळेत होता. मी मागे वही घेऊन बसले होते. पहिलीतली एक चिमुरडी उभी राहिली. "बाई, मले चित्र दिसून नाही राह्यलं."

सवयीने मी वहीत लिहिलं, 'भाषा दुरुस्त करावी.'

आमच्या विद्यार्थिनीने आधी चित्र खाली लावलं. "आता दिसून राह्यलं काय तुले?" पोरीने मान हलवली. मग तिने फळ्यावर 'मले' लिहिलं, शेजारी 'मला'. "हा घरचा शब्द, हा पुस्तकातला. दोन्ही आपलेच." तोवर तोंड न उघडलेली पोरंही शब्द सांगू लागली. काहून, का. तुले, तुला. फळ्यावर जागा उरली नाही.

पाठ संपल्यावर मी विचारलं, "हे कसं सुचलं तुला?"

"त्या केनियाच्या बाईनं सांगतलं होतं ना, मॅडम. पहिलीत मले सारं येत होतं. बाई हसतीन म्हणून मी चुपच राहो."

इतकी वर्षं मी मुलांचं 'मले' खोडत आले होते, हे मी तिला सांगितलं. ती संकोचून हसली. तिच्यासमोरच मी वहीतला तो शेरा खोडला. यंदाच्या नव्या वर्गाला पहिला पाठ द्यायला मी तिलाच बोलावलं.